सहा हात, आठ हात

८ जानेवारी

थंडी हाडात उतरली आहे. सकाळी शेकोटीजवळ बसलो तो ऊन अंगणाच्या मध्यावर आलं तेव्हा उठलो. या वयात दिवस असाच जातो, एका उबेपासून दुसऱ्या उबेपर्यंत.

रीताने चहा आणून ठेवला आणि गेली नाही. झाडू हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मामाजी, मले भूमिती शिकवाल का जी?"

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. माझी ही सून. लोकेशला जाऊन आता तीन वर्षं झाली. कोळशाच्या ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली तेव्हापासून या घरात दोन माणसं आणि एक शिलाई मशीन, एवढंच उरलं आहे. तिच्या माहेरच्यांनी तिला न्यायला दोनदा माणसं पाठवली, ती गेली नाही. गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवते, माझा भात शिजवते.

तिचा भाऊ विक्की मोहर्लीच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवतो. त्याने निरोप दिला आहे म्हणे की जूनमध्ये गेटवर बाया गाईड म्हणून घेणार आहेत. ट्रेनिंग तेच देतील, पण दहावी पास पाहिजे. आणि रीताचं गणित राहिलेलं. सोळा वर्षांपूर्वी नापास झाली, लग्न झालं, विषय संपला. आता मार्चमध्ये पुन्हा बसते म्हणते.

मी म्हटलं, "अगं, मी मराठीचा मास्तर. जन्मात कविता शिकवल्या."

ती म्हणाली, "मास्तर तं हाये ना जी."



१० जानेवारी

शेजारच्या पोराचं पुस्तक आणलं. काटकोन त्रिकोणाचं पान उघडलं आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिलो. किती दिवसांनी शाळेच्या पुस्तकाचा वास आला. दुपारच्या पाळीत आम्ही कविता म्हणायचो तेव्हा चाळीस पोरांचा एक आवाज व्हायचा, कौलांवरून चिमण्या उडायच्या. भिंतीपलीकडे गणिताचे सर लाकडी कंपास फळ्यावर फिरवत असायचे. त्यांच्या वर्गातून कधी आवाज यायचा नाही. मला त्या पोरांची कीव यायची.

आज वाटलं, भूमितीतले शब्द काही वाईट नाहीत. काटकोन. लंब. कर्ण. सगळ्यात लांब बाजूला कर्ण म्हणतात. दोन टोकांना धरून तिरपा ताणलेला, ना उभा ना आडवा.

रीताला म्हटलं, पाठांतराशिवाय विद्या नाही. आणि बसल्या बसल्या रचून दिलं :

पाया आणि उंची, दोघे सख्खे भाऊ,
वर्ग त्यांचे जोडून कर्णाघरी जाऊ.

तिने एकदा ऐकलं आणि म्हणून दाखवलं. भांडी घासतानाही गुणगुणत होती. फार बरं वाटलं. रात्री झोप छान लागली.

१३ जानेवारी

रीताने आज पहिलं उदाहरण सोडवलं. काटकोनाच्या बाजू तीन आणि चार. कर्ण किती? तिने लिहिलं, पंचवीस.

मी म्हटलं, "रीता, तीन हात आणि चार हाताच्या बाजूंवर पंचवीस हातांचा कर्ण? तो आपल्या अंगणातून निघेल तो शेजारच्या धुरपताच्या चुलीत शिरेल."

"तुमच्या कवितेत तं एवढंच हाये जी. वर्ग जोडून कर्णाघरी जाऊ. मी गेली."

खरंच होतं. वर्गमूळ राहिलं होतं. दुपारभर वही घेऊन बसलो. "वर्गमूळ" हा शब्द कोणत्याच चालीत बसत नाही. पुढे घातला तर ओळ लंगडते, मागे घातला तर यमक जातं. शेवटी सोडून दिलं. तिला म्हटलं, वर्गमूळ आपलं मनात लक्षात ठेव.

१७ जानेवारी

धुरपता आली होती. शेजारीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि जिभेने वीस वर्षांनी लहान. रीता विहिरीवर गेलेली पाहून म्हणाली, "गुरुजी, पोरीले शिकवून राह्यले म्हणते. ते पास झाली आन गेली मोहर्लीले, मंग तुमचा भात कोन शिजवन?"

मी म्हटलं, "मी ट्रेनिंग कॉलेजात असताना स्वतः शिजवून खात होतो."

"तवा तुमाले दात होते," ती म्हणाली.

मला तिच्या बोलण्याचं काही वाटत नाही. मी उलट खूश आहे. शिकावं माणसाने. आयुष्यभर हेच सांगत आलो.

२२ जानेवारी

आज एक चांगली कल्पना सुचली. रीता मागच्या खोलीत मशीन चालवते. तिथे दिवसाही दिवा लागतो. घराच्या मागच्या भिंतीला लागून, विहिरीकडच्या बाजूला एक सपरी काढावी. चार बांबू, वर पत्रे. बैल विकल्यावर गोठा मोडला त्याचे पत्रे पडूनच आहेत. तिला उजेड मिळेल, वारा मिळेल. आणि सपरी काढायची तर कोपरा काटकोनात यायला हवा, म्हणजे भूमितीही शिकून होईल. पुस्तकातला त्रिकोण अंगणात उतरवू.

रीताला सांगितलं. ती काज करता करता थांबली.

"जूनमदी मी इथी राह्यली तं पाह्यजे ना जी."

"नोकरीचं काय सांगावं," मी म्हटलं. "सपरी कायमची असते."

सहज बोलून गेलो. तिने दोरा दाताने तोडला.

२६ जानेवारी

झेंड्याला शाळेत गेलो. आता पोरं गात नाहीत, स्पीकरच्या पेटीतून गाणं लागतं आणि पोरं ओठ हलवतात. एक लहानगी मात्र स्वतःच्या आवाजात म्हणत होती, अर्धी ओळ पुढे. तिच्याकडे पाहत उभा राहिलो. पाय दुखले.

२९ जानेवारी

सपरी आखली.

इसरूने जंगलाकडच्या गावातून बांबू आणले. तो माझा जुना विद्यार्थी. कविता एकही येत नव्हती, पण बांबू असा चिरतो की पाहत राहावं. धुरपता अंगणाच्या कडेला सुपात लाखोळीची डाळ घेऊन बसली, निवडायला म्हणे. खरं म्हणजे बघायला.

पुस्तकात तीन, चार आणि पाच आहे. आम्ही दुप्पट घेतलं. घराच्या भिंतीला लागून आठ हात, भिंतीपासून बाहेर सहा हात, आणि तिरपा कर्ण दहा हात. दहा बरोबर भरले की कोपरा काटकोनात, असं मी रीताला समजावलं. तिला पटलं. छत्तीस आणि चौसष्ट, शंभर. शंभराचं वर्गमूळ दहा. तिने ते बोटांवर न मोजता सांगितलं.

इसरूजवळ टेप नव्हता. आणि टेपने मोजायचं नव्हतंच. आमच्याकडे घर आखतात ते ज्याचं घर त्याच्या हाताने. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. माझ्या बापाने हे घर असंच आखलं, मला आठवतं, जमिनीवर पालथा पडून हात टेकवत गेला होता आणि आई त्याच्या मागे हळद टाकत गेली होती.

मी सुरुवात करणार तर धुरपता म्हणाली, "गुरुजी, सपरी कोनाची?"

"रीताची."

"मंग तिच्या हातानं मोजा ना. तुमच्या हातानं मोजाल तं तुमची होईन."

बरोबर होतं. पण घर माझं, आणि घरधन्याचा हात अजिबात लागू नये हेही बरं नाही. म्हणून असं केलं, की भिंतीची बाजू, जिथे तिचं मशीन राहणार, ती रीताने मोजावी. बाहेरची बाजू आणि कर्ण मी. रीता पदर खोचून जमिनीवर बसली आणि विहिरीकडच्या कोपऱ्यापासून भिंतीच्या कडेने हात टेकवत गेली. आठवा हात कुंपणाच्या भिंतीपाशी संपला. तिने तिथे मातीत बोट रोवलं आणि वर पाहिलं. तिच्या कपाळाला माती लागली होती. कितीतरी दिवसांनी तिला या घरात काहीतरी आपलं म्हणून मोजताना पाहिलं. असं वाटलं, आता ही सपरी झाली म्हणजे झालं.

मग मी त्याच कोपऱ्यापासून बाहेर माझे सहा मोजले, मग कुंपणापासून तिरपे दहा. कंबर धरली आहे. इसरूने दहा भरले तिथे खांबाची खूण केली.

३ फेब्रुवारी

खांब उभे राहिले. पत्रे चढवायला घेतले आणि इसरू वरूनच म्हणाला, "गुरुजी, हे तं तोंड वासून राह्यली."

खाली उभं राहून पाहिलं तर खरंच. भिंतीजवळ पत्रा नीट बसतो, आणि जसजसं बाहेर जावं तसतशी विहिरीकडे फट पडते. बाहेरच्या टोकाला पत्रा हातभर कमी. पत्रे तर चौकोनी आहेत, ते खोटं बोलणार नाहीत.

पुन्हा मोजलं. रीताने तिची बाजू मोजली, आठ. मी माझी मोजली, सहा. कर्ण दहा. तिचं बरोबर, माझं बरोबर, कर्ण बरोबर, आणि कोपरा चूक.

धुरपता म्हणाली, "पुस्तक पुन्याचं असन. तिकडं चालत असन, इकडं नाई चालत."

सगळे हसले. रीता हसली नाही. इसरू गेल्यावर ती फटीखाली जाऊन बसली. म्हणाली, "मामाजी, प्रमेय खोटं हाये का मीच ढ हावो?"

मी म्हटलं, "सराव लागतो."

"सराव कशाचा जी? आठ मोजाचा?"

 मी आत येऊन पडलो. मराठीच्या मास्तराने या वाटेला जाऊच नये.

४ फेब्रुवारी

वस्तीजवळच्या नाल्यात वाघाचे पंजे दिसले. सकाळी कोणी शेताकडे गेलं नाही. पुस्तक उघडलं नाही.

९ फेब्रुवारी

पाच दिवस झाले, रीता पुस्तकाला हात लावत नाही. तोंडी घातलेली सोपी उदाहरणंही अर्ध्यात सोडते. पाच आणि बारा दिले तर म्हणाली, "उत्तर तेरा येईन, पन खरं येईन का नाई कोन जाने." ज्याच्यावरचा विश्वास उडाला ते कसं सोडवायचं, असं तिचं झालं आहे. आणि भूमितीतच तिचे मार्क जातील, बाकीचं ती कसंबसं काढेल.

आज जेवताना मी म्हटलं, "रीता, एवढी घाई कशाला? मार्चमध्ये बसलीच पाहिजे असं कुठे आहे? जुलैला पुन्हा परीक्षा असते. पक्कं होऊ दे. सपरीचंही काहीतरी करू तोवर."

तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला. मला नको होता.

"जुलैमदी गाईडचं होऊन जाईन ना जी," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी पुन्हा घेतील."

ती माझ्याकडे पाहत राहिली. काही रागाने नाही. लोकेश लहान असताना ताप आल्याचं सांगून शाळा बुडवायचा आणि मी कपाळाला हात लावून पाहायचो, तसं काहीसं पाहिलं. मग ताट उचलून नेलं.

तिच्याच भल्याचं सांगितलं. बोलून टाकल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आज दहाच्या आतच झोप येते आहे.

१४ फेब्रुवारी

आज जे झालं ते सावकाश लिहितो.

रीताने संध्याकाळी मला उभं केलं, माझं माप घ्यायला. लोकेशचं जुनं ब्लँकेट कापून माझ्यासाठी पूर्ण बाह्यांची बंडी शिवते आहे. मी म्हटलं, "अगं, थंडी सरत आली. आता कुठे बंडी?"

"पुढच्या हिवाळ्यात लागन ना जी."

"मग पुढच्या हिवाळ्यात शिव."

तिने खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावला. मग कोपराशी थांबली. कोपरापासून बोटांपर्यंत पुन्हा लावला. "एकोणीस," म्हणाली. मी म्हटलं, बाही बोटांपर्यंत घालतेस काय? तिने ऐकलंच नाही. टेप स्वतःच्या हाताला लावला. साडेसोळा.

टेप गळ्यात टाकून ती तशीच मागे गेली. मी मागोमाग गेलो. ती सपरीत उभी होती, एकदा भिंतीकडे पाहत, एकदा खांबाकडे.

"मामाजी, तुमचा हात लांब हाये. माझा आखूड."

"मग?"

"मग काय जी. माझे आठ म्हंजे तुमचे आठ नाई. भिंत माझ्या हातानं मोजली, आन बाकीचं तुमच्या हातानं. कर्ण तुमच्या दहाचा, त्याले तुमच्या आठाची भिंत पाह्यजे होती. भिंत आखूड पडली, तं कर्णानं खांब बाहेर ढकलला." तिने दोन्ही हात कोपऱ्यासारखे धरले आणि एक हळूच उघडला. "असा."

आणि ती हसायला लागली. भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून हसली. "आन मी आपली रडून राह्यली, का मी ढ हावो म्हणून."

कुंपणापलीकडून धुरपताचा आवाज आला, "काय झालं वं?"

"काई नाई बाई. तुमी म्हनल्या ना माझ्या हातानं मोज म्हणून. त्यानंच बिघडलं."

"मले काय मालूम तुहा हात एवढूसा हाये," धुरपता म्हणाली.

त्यानंतर रीता कंदिलासारखी पेटली. दिवे लागल्यावर पुस्तक घेऊन बसली आणि एकामागून एक उदाहरणं सोडवत गेली. कवितेची ओळ तिने एकदाही म्हटली नाही. आधी पाहते, काटकोन आहे का. मग पाहते, सगळं एकाच मापात आहे का. मग करते. सेंटिमीटर आणि मीटर मिसळलेलं एक उदाहरण होतं, त्यात मी फसलो, ती फसली नाही. म्हणाली, "हे आपल्या सपरीसारखं हाये."

आनंद झाला. मास्तराला याहून काय हवं. जरा थकवा आला म्हणून न जेवता पडलो. ती दूध घेऊन आली होती, मी झोपल्याचं दाखवलं.

१६ फेब्रुवारी

रीता म्हणते, इसरूभाऊले बोलावून खांब हलवू. मी म्हटलं, असू दे. परीक्षा होऊ दे आधी.

जुलैचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

१३ मार्च

भूमितीचा पेपर. पहाटेच्या गाडीने तालुक्याला गेलो. रस्त्यात दोन्ही बाजूंना मोहाखाली बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या, गाडीत खिडकीतून तो गोड आंबूस वास येत होता. रीता ओठ हलवत होती. मला वाटलं कविता म्हणते आहे. विचारलं तर म्हणाली, वर्ग पाठ करून राह्यली, पंचवीसपर्यंत.

शाळेच्या फाटकाबाहेर आईबाप उभे होते. पोरांचे. एका बाईने मला विचारलं, नातू का? मी म्हटलं, सून. तिने सरकून मला सावलीत जागा दिली.

तीन वेळा घंटा झाली. रीता शेवटी शेवटी बाहेर आली. सोळा वर्षांच्या पोरींच्या घोळक्यात तिची साडी लांबून दिसली.

"कर्ण आला होता जी."

"वर्गमूळ काढलं?"

"काढलं."

गाडीत ती झोपली. तिचं डोकं खिडकीवर आपटत होतं, म्हणून मध्ये माझा गमछा घडी करून ठेवला.

२ एप्रिल

ऊन. काही नाही.

१९ एप्रिल

रीता आता सपरीतच मशीन चालवते. फटीतून उन्हाची एक पाचर आत येते, भिंतीजवळ टोकदार, बाहेर रुंद. दुपारभर ती सरकत असते आणि रीता मशीन तिच्यापासून दूर सरकवत राहते. मी म्हटलं, इथे गवताचा पेंढा टाकून देऊ, सावली होईल. ती म्हणाली, पाऊस लागला की पेंढा सडते जी, खांबच हलवावा लागन.

बंडी तयार झाली आहे. खुंटीला टांगली आहे. त्रेचाळीस अंशाच्या उन्हात ब्लँकेटची बंडी पाहूनच घाम येतो.

या सपरीत बसलं की मला वर्गातल्या दुपारी आठवतात. मशीनच्या आवाजाला एक चाल आहे. तिच्यावर कोणतीही ओळ बसते.

१५ मे

रीता पास. भूमितीत चांगले मार्क आहेत, बाकी काठावर. तिने निकाल मोबाईलवर तीनदा काढून पाहिला, मग माझ्या पाया पडली. धुरपताने गुळाचा खडा आणला.

"जा आता बाई उडून," ती तिला म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "आन तुमी गुरुजी, तांदूळ धुवाचं शिकून घ्या. भूमितीहून सोपं हाये."

मी सगळ्यांबरोबर हसलो. संध्याकाळी लवकर पडलो. ऊन लागलं असावं.

४ जून

विक्की मोटारसायकल घेऊन आला होता. पाणी पिऊन लगेच निघायचं म्हणत होता. रीताने दोन दिवसांपासून सगळं लावून ठेवलं आहे, डाळ, तांदूळ, तिखट, कोणत्या डब्यात काय. धुरपताच्या घरून रोज संध्याकाळी भाकर येईल असं त्या दोघींनी मला न विचारता ठरवलं आहे.

मी म्हटलं, मशीन कसं नेणार? विक्की म्हणाला, पाठवून देऊ मागून एखाद्या गाडीत.

"राहू दे इथीच," रीता म्हणाली. "दिवाळीले येईन तवा लागन."

मग ती आतून एक काठी घेऊन आली. बांबूची, तासलेली, गुळगुळीत. "हे तुमच्या हाताची हाये जी. एकोणीस इंचाची. इसरूभाऊ आला म्हणजे यानंच मोजा. सगळ्या बाजू यानंच. दुसरं माप मधी घेऊ नका."

"आणि तुझी?"

"माझी कायले? घर तुमचं हाये."

मोटारसायकल वळली तेव्हा तिने हात वर केला. मला वाटलं काहीतरी म्हणावं. इतक्या कविता पाठ आहेत, एकही ओळ जवळ आली नाही. "वर्गमूळ काढायला विसरू नको" असं काहीतरी म्हणालो. विक्कीला कळलं नाही. ती हसली.

६ जून

भात खाली लागला.

९ जून

भात कच्चा राहिला. धुरपताला सांगितलं नाही. तिला वासावरून कळलं.

१२ जून

आभाळ भरून येतं आहे. इसरू आला, म्हणाला, "गुरुजी, आज खांब हलवून टाकतो. नाई तं पानी मशीनवर येईन."

काठी घेऊन मागे गेलो. आधी माझी बाजू, सहा. मग रीताची. तिच्या बाजूला काठी ठेवत गेलो, एक, दोन, तीन. सातवी काठी कुंपणाच्या भिंतीला लागली. तिचे आठ हात माझ्या काठीने सातच भरले. तिथे मातीत तिने रोवलेल्या बोटाची खूण अर्थातच राहिलेली नाही. तरी मी वाकून पाहिलं.

इसरू म्हणाला, "सोपं हाये गुरुजी. कुंपनाची भिंत एक हात मागं घेऊ, मंग आठ भरन तुमचे. सहा, आठ, दहा. नवा हिशेब कराचं कामच नाई."

त्याचं बरोबर होतं. तसं केलं तर माझे सहा आणि माझे दहा आकड्याने तेच राहतील आणि सगळी सपरी माझ्या हाताची होईल. कुंपण मातीचंच आहे, तासाभराचं काम.

मी म्हटलं, "भिंत राहू दे. ती बाजू तिने मोजली आहे."

"मंग कर्ण चुकन ना."

"कर्ण काढू."

सपरीत तिच्या मशीनसमोर बसलो. तिच्या हिशेबाची खडूची कांडी तिथेच होती. पत्र्याच्या तुकड्यावर लिहिलं. सहाचा वर्ग छत्तीस. साताचा एकोणपन्नास. पंच्याऐंशी. आणि आपण कर्ण धरला होता दहा, म्हणजे शंभर. पंधरा जास्तीचे मीच ताणले होते. इसरू उकिडवा बसून पाहत होता.

पंच्याऐंशीचं वर्गमूळ. नव नव्वे एक्क्याऐंशी. वर चार उरले. दहापर्यंत जात नाही. खडूने पुन्हा एकदा करून पाहिलं. पूर्ण येत नाही ते.

"नऊ आणि वर थोडं," मी म्हटलं. "माझा खांब आत घे."

इसरूने बाहेरचा खांब उपटला आणि माझे सहा हात जागेवर ठेवून तो आत आत आणत गेला. मी कुंपणाच्या कोपऱ्यापासून तिरप्या काठ्या ठेवत गेलो. नऊ झाल्या. वर राहिलं ते काठीने मोजण्याजोगं नव्हतं. बोटं टेकवली, पाच, आणि सहावं जेमतेम. खांब तिथे रोवला. पत्रा खाली सरकवला तर विहिरीकडच्या कडेपर्यंत नीट बसला. इसरूने पत्र्यावर थाप मारली आणि माती दाबायला लागला.

संध्याकाळी रीताचा फोन आला. ट्रेनिंगमध्ये पक्ष्यांची नावं पाठ करून राह्यली म्हणाली. एक बाई वाघाच्या पंजाची रुंदी मोजायला शिकवते, तिथे तिला टेप दिला आहे. मग म्हणाली, "सपरी सरळ केली का जी?"

"केली."

"कुंपन मागं घेतलं?"

"नाही. तुझी बाजू आहे तिथेच आहे. माझा खांब आत घेतला."

पलीकडे मागे कुणीतरी पक्ष्यांची नावं घोकत होतं.

"वर्गमूळ काढलं का जी?"

"काढलं," मी म्हटलं. "नऊ हात आणि वर सहा बोटं."